बाळारामची खाचरं

"काकी, डॉक्टर इचारतोय, हा कोनत्या गोळ्या खातो?"

किसन रिक्षावाला फोनवर होता आणि माझ्या हातात बाळारामचा गोळ्यांचा डबा होता. डब्याला चौदा खण. प्रत्येक खणात दोन-तीन गोळ्या, काही पांढऱ्या, काही पिवळ्या, एक अर्धी तोडलेली. नाव एकीवरही नाही. बाळाराम गोळ्या आणल्या की त्याच दिवशी पाकिटातून सोडवतो, खणांत लावतो आणि रिकामी पाकिटं कचऱ्यात टाकतो. पाकिटं ठेवायची म्हटली तर एकावर एक ठेवावी लागतात आणि ते त्याला चालत नाही.

उंबरठ्यावर रक्त होतं. अर्ध्या तासापूर्वी तो खुर्चीवरून उठला, चक्कर येऊन आडवा झाला आणि डोकं उंबरठ्याच्या कडेवर आपटलं. मी हळद दाबली, पदर दाबला, रक्त थांबेना. किसनने त्याला रिक्षात घातला आणि आमच्या सापगावहून शहापूरच्या दवाखान्यात नेला. तिथला डॉक्टर म्हणत होता, रक्त का थांबत नाही ते कळायला हवं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर उपाय वेगळा, नसेल तर वेगळा. पेशंट तर शुद्धीवर नाही.

"त्याच्या कंप्युटरात असनार," मी म्हणाले. "थांब, बघते."

अंगणवाडीची शोभा माझ्या शेजारी उभी होती. ती सकाळी कागद छापून घ्यायला आली होती आणि बाळाराम पडल्यावर घाबरून तिने चार-पाच बटणं दाबली होती. आता पडदा काळा होता. एक चित्र नाही, एक अक्षर नाही. माउस नव्हताच, तो त्याच्याकडे कधी नसतो.

"काकी, हा बंद पडलाय. बटन दाबून परत चालू करू?"

मी तिच्या हातावर चापट मारली. बंद केला असता तर त्याने पासवर्ड मागितला असता आणि पासवर्ड बाळारामच्या फुटलेल्या डोक्यात होता. कंप्युटर बंद पडला नव्हता. शोभाने त्याला रिकाम्या खाचरात नेऊन उभा केला होता. हे सापगावात दोनच माणसांना कळलं असतं आणि त्यातलं एक रिक्षातून गेलं होतं.

आता बाळाराम कोण ते सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

बाळाराम माझा भाडेकरू. वय बावन्न. कल्याणला एका कंपनीत कंप्युटरचं काम करायचा. पंचवीस वर्षं आसनगावहून गाडी धरून गेला. कंपनी बंद झाली तेव्हा दोन कंप्युटर, एक प्रिंटर आणि एक खाट घेऊन माझ्या ओटीवर आला. ओटीत दुकान, मागच्या खोलीत तो. उतारे, दाखले, भरतीचे फॉर्म, जे काय ऑनलाइन म्हणतात ते सगळं करतो.

पहिल्या आठवड्यातच मला कळलं की हे प्रकरण सरळ नाही. भाकऱ्या दिल्या होत्या चार. नंतर टोपली आणायला गेले तर त्याने खाटेवर धुतलेलं फडकं पसरून चारही भाकऱ्या शेजारी शेजारी मांडलेल्या. एक मांजर खात होतं.

"टोपलीत काय काटे हायत?" मी विचारलं.

"एकावर एक नाय, काकी," तो म्हणाला. "एका शेजारी एक. खालची भाकरी कोनाला दिसत नाय. ती खालीच राहते नि शिळी होते."

हे वाक्य मी पुढे हजारदा ऐकलं. त्याच्या खोलीत भांड्यांची उतरंड नाही, सगळी भिंतीवर खिळ्यांना टांगलेली. पेपरांची रद्दी दोरीवर कपड्यांसारखी वाळत घातलेली. एकदा गावात लग्नाच्या पंगतीत वाढप्याने भातावर वरण घातलं तर याने हात आडवा केला. म्हणाला, शेजारी वाढ. वाढप्याने शेजारी वाढलं. ते वरण पत्रावळीवरून निघालं आणि माझ्या दिराच्या मांडीखाली गेलं. दीर अजून त्याच्याशी बोलत नाही.

कंप्युटरातही तेच. मला त्यातलं काही कळत नव्हतं, मी चौथी शिकलेली बाई. पण दुकान माझ्या ओटीवर, त्यामुळे भांडणं मला ऐकावी लागत. शोभा त्याच्याशी सगळ्यात जास्त भांडे. तिच्या घरी कंप्युटर आहे, सगळ्यांसारखा. पाठीमागे फुलांचं चित्र, त्यावर छोटी छोटी चित्रं, माउसने बाण न्यायचा, चित्रावर दोनदा टिचकी मारायची, उघडलं. याच्याकडे चित्र नाही, बाण नाही. सगळं बटणांवर. नवीन खिडकी उघडली की पहिली खिडकी आपोआप अर्धी होते. तिसरी उघडली की त्या अर्ध्याची अर्धी. कोणी कोणाच्या अंगावर चढत नाही.

"पन ज्याला म्हाईत नाय त्यानं काय करायचं?" शोभा म्हणे.

"शिकायचं."

"नि तवर?"

"तवर हात लावायचा नाय."

मी एकदा मागून डोकावून पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, ही तर खाचरं आहेत. भाताचं खाचर असतं तसं. बांध घातलेला तुकडा, त्याच्या शेजारी दुसरा तुकडा. माणूस उभा राहिला की सगळी एका नजरेत दिसतात. भावांची वाटणी झाली की एकाची दोन होतात, दोनाची चार, पण एकाचं खाचर दुसऱ्याच्या डोक्यावर कधी जात नाही. बाळाराम खुर्चीत माझ्याकडे वळला. म्हणाला, "पंचवीस वर्सं हापिसात सांगत व्हतो, कोनाला कळलं नाय." त्या दिवसापासून गाव त्याला खाचरवाला म्हणू लागलं आणि त्याचं मला शिकवायचं ठरलं. मला शिकायचं आहे का, हे त्याने विचारलं नाही.

खरं म्हणजे आधी मी सरळ रस्त्याने गेले होते. त्याने दुसरा कंप्युटर गिऱ्हाइकांसाठी ठेवला होता, तो शोभाच्यासारखा, चित्रांचा, माउसवाला. स्वतः त्याला हात लावत नसे. सोवळ्यातल्या बाईसारखा लांबून सांगे. मी त्यावर बसले. माझे यजमान पाटबंधारे खात्यात मुकादम होते, त्यांच्या मागे मला पेन्शन आहे आणि त्यासाठी दरवर्षी मी जिवंत असल्याचा, हयातीचा, दाखला द्यावा लागतो. तो कागद पडद्यावर होता. मला फक्त टिचकी मारायची होती.

माझा उजवा हात कापतो. बरीच वर्षं झाली. पाणी घेताना भांडं दोन हातांनी धरते, बाकी काही अडत नाही. पण माउसला दोन टिचक्या एका जागी लागतात. माझी पहिली टिचकी ठाण्याला तर दुसरी नाशकाला. चौथ्या प्रयत्नात तो कागद बाणाला चिकटला, माझ्या हाताबरोबर पडद्यावरून फरफटत गेला आणि कोपऱ्यातल्या कचरापेटीत पडला.

शोभा हसून हसून भिंतीला टेकली. "काकी, तू सोताच्या हातानं सोताला कचऱ्यात टाकलंस."

मीही हसले. घरी जाऊन मात्र हात मांडीखाली दाबून बराच वेळ बसले. कारण कचरापेटीतून कागद परत निघतो, हात परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाळारामने मला त्याच्या खुर्चीत बसवलं. त्याच्या खुर्चीत कोणी बसत नसे. म्हणाला, "हितं नेम धरायचा नाय. बटन जागचं हलत नाय. तुजा हात कितीबी कापू दे." कंप्युटरात त्याची नऊ आवारं होती, नऊ वाड्या म्हणा. प्रत्येक वाडीत तिची तिची खाचरं. वाड्यांना त्याने आपल्याच भागातली नावं ठेवली होती, म्हणजे मला लक्षात राहतील. एक आसनगाव, दोन शहापूर, तीन सापगाव, असं करत सहाला मुरबाड. खिडकीचं चित्र असलेलं बटण डाव्या हाताने धरायचं आणि आकडा दाबायचा, की त्या गावी. आसनगावला सरकारी फॉर्म, शहापूरला छपाई, सापगावला माझं लिखाण. एसटीपेक्षा लवकर पोचायचं.

"नि नऊ?"

"सिद्धगड."

"तिथं काय हाय?"

"काय नाय. गडावर कोन जातंय." त्याने विषय बदलला.

दोन महिने मी चुकले. एक अक्षर दाबावं तर हात थरथरून तीन उमटायची. 'मी' लिहावं तर 'ममममी'. बकरीसारखं. मग हळूहळू जमू लागलं. एकदा दाबलं की एकच अक्षर. मला वाटलं, सरावाने हात वळला. मी मनातून फार खूश झाले. या वयात हाताला ताळ्यावर आणलं म्हणून.

मग मी दुपारी दुकानात बसू लागले. बायकांचे अर्ज मी लिहायचे. नळाचा अर्ज, रेशनचा अर्ज, नवरा मारतो म्हणून अर्ज. बाळारामसमोर बायका बोलत नसत आणि बोलल्या तरी तो मध्येच म्हणे, मुद्दा सांग. मुद्दा सांगायला बाईला आधी आईच्या घरापासून सुरुवात करावी लागते, हे त्याला समजत नाही. मला समजतं. मी ऐकायचे आणि लिहायचे. गावात लोक म्हणायला लागले, अर्ज काकीकडून घ्या.

बाळाराम मात्र त्याच सुमारास मंदावला. आधी त्याची बोटं पत्र्यावर पडणाऱ्या गारांसारखी चालत. आता मध्येच अडखळे. एकच अक्षर लागोपाठ दोनदा यायचं असलं की पहिलं दाबायचा, हात वर धरून थांबायचा, मग दुसरं. कधी विसरायचा, मग मागे जाऊन दुरुस्त करायचा. लोक रांगेत कुरकुरत. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं होतं, "बाळाराम, म्हातारा झालास रे. माजा हात सुधारला नि तुजा गेला." तो म्हणाला, "व्हय, वय झालं," आणि थांबत थांबत टाइप करत राहिला.

लग्न त्याने केलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, "दुसरी खिडकी आली की पयली अर्धी होते." मी म्हटलं, "मग अर्ध्यात काय दिसत नाय का?" तो प्रिंटरमध्ये कागद भरायला गेला. कागद भरलेलाच होता.

एवढ्या दिवसांत मी दोन्ही कंप्युटर पाहिले आणि माझं मत झालं ते असं. शोभाचा कंप्युटर पाहुण्यासाठी चांगला. कोणीही यावं, दार उघडं, वस्तू डोळ्यांसमोर, हे उचल ते ठेव. पण रोज राहणाऱ्याला तिथे त्रास. एक गोधडी काढायला चार उचलाव्या लागतात. बाळारामचा कंप्युटर राहणाऱ्यासाठी चांगला. अंधारातही हात जागच्या जागी जातो. पण बाहेरून बघणाऱ्याला ती काळी भिंत. दार आहे हेही कळत नाही. दोघंही आपलंच खरं म्हणत भांडायचे. घर बांधताना आपण कोण येणार याचा विचार करतो. बाळारामने पक्कं धरलं होतं की कोणी येणार नाही.

तर मी त्या काळ्या पडद्यासमोर उभी होते. फोन शोभाच्या हातात दिला होता आणि त्यातून किसन सांगत होता, काकी, लवकर, डॉक्टर थांबलाय.

मी खुर्चीत बसले. एक दाबलं, आसनगाव. कोणाचा तरी अर्धा भरलेला फॉर्म. दोन, शहापूर, छपाईची रांग. तीन माझंच, ते सोडलं. चार, पाच, सहा, सगळीकडे लोकांचीच कामं. सात आणि आठ रिकामी. त्याचं स्वतःचं असं कुठेच काही नव्हतं. मग नऊ दाबलं.

सिद्धगड उघडला. दोन खाचरं होती, डावं आणि उजवं, बरोबर अर्धं अर्धं. अक्षरं मराठीत आणि मोठी. डावीकडे वर लिहिलं होतं, 'माझ्या गोळ्या'.

मी शाळेत वाचायचे तसं बोट ठेवून वाचलं. पहिलं नाव वाचलं. शोभाने ते फोनमध्ये सांगितलं, किसनने डॉक्टरला. दुसरं नाव वाचलं. अवघड होतं, तुकडे पाडून वाचलं. पुढे त्याने लिहिलं होतं, 'रक्त पातळ. रोज एक. चुकवायची नाही.'

पलीकडून डॉक्टरचा आवाज आला. "ती दुसरी परत सांगा. सावकाश."

मी परत वाचलं. सावकाशच वाचलं, कारण मला दुसरं जमत नाही. डॉक्टर म्हणाला, मिळालं, आणि फोन बंद झाला.

करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी उजवीकडचं खाचर पाहिलं. त्यावर लिहिलं होतं, 'काकी'.

'उजवा हात जास्त कापतो. डावा कमी.'

'एक बटण थोड्या वेळात लागोपाठ दोनदा दाबलं गेलं तर एकदाच धरायचं, असं केलं. आता ममममी येत नाही.'

'थंडीत जास्त कापतो. ती मधली वेळ वाढवली.'

'परत वाढवली. माझं टायपिंग अडतं. चालेल.'

'डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. अक्षर मोठं केलं.'

आणि सगळ्यात खाली, 'सांगायचं नाही. तिला वाटतंय हात सुधारला.'

शोभा माझ्या खांद्यावरून वाचत होती. मी खिडकीचं बटण धरलं, तीन दाबलं आणि सापगावला परत आले. म्हटलं, "उंबरठा धुवायचाय. बादली आन."

तिने बादली आणली. बाळारामने लिहून ठेवलेल्या गोष्टींपैकी एकही खोटी नव्हती. माझा हात सुधारला नव्हता. दोन वर्षं तो तसाच कापत होता आणि दोन वर्षं एक माणूस मुकाट्याने माझ्या वेगाने चालत होता. वर मी त्याला म्हातारा म्हणत होते.

पंधरा दिवसांनी तो डोक्याला पट्टी बांधून परत आला. आधी उंबरठा पाहिला, मग खुर्चीत बसून दोन-चार बटणं दाबली. त्याच्या घरात कोणी पाऊल ठेवलं की त्याला कळतं.

"नऊवर कोन गेलं व्हतं?"

"मी."

"डावीकडचं वाचलंस?"

"वाचलं. म्हनून तू हितं बसलायस."

"नि उजवीकडचं?"

"उजवीकडं मला दिसत नाय. मोतीबिंदू हाय."

"तो डाव्या डोळ्यात हाय तुज्या."

"मंग तुला लई म्हाईत," मी म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले.

आता त्याच्या कंप्युटरवर पाठीमागे चित्र आहे. फुलांचं नाही, एका पिकलेल्या शेताचं. त्यावर मध्यभागी एकच मोठं चित्र, गोळीचं. त्यावर टिचकी मारली की त्याच्या गोळ्यांची नावं दिसतात. बाजूला माउसही ठेवलाय. शोभाने विचारलं, "खाचरवाल्या, आता कसा वाकलास?" तो म्हणाला, "घरात एक दार पावन्यासाठी लागतं." भाकऱ्या अजून खाटेवरच मांडतो. मांजर अजून येतं.

टाइप करताना अजून थांबतो. मी ते कमी कर म्हणून सांगितलं नाही आणि म्हातारा झालास असंही परत म्हटलं नाही. तो अडखळला की मी रांगेतल्या लोकांना म्हणते, घाई असेल तर शहापूरला जा.

गेल्या महिन्यात दाखल्याचे दिवस आले. मी त्याच्या खुर्चीत बसले, तो शेजारी स्टुलावर. नाव मी लिहिलं, गाव मी लिहिलं. हात खूप कापत होता, थंडी होती. शेवटचं बटण दोनदा दाबलं गेलं, ते एकदाच धरलं गेलं.

कागद छापून आला. ताराबाई, राहणार सापगाव, हयात. बाळारामसाठी असा कागद कोणी मागत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. बाळाराम, राहणार माझी ओटी, तोही हयात.